तिसऱ्या मजल्यावरच्या शिळेचे संवर्धन

माणूस एकटा असतानाही बरा असू शकतो, ही गोष्ट समाजाच्या फार उशिरा लक्षात आली, आणि त्यामुळे तिच्यावर उपाय करायलाही उशीर झाला. आमच्या इमारतीपुरता हा उपाय आता पूर्ण झाला आहे. इतरांना उपयोग व्हावा म्हणून त्याची हकिगत लिहून ठेवत आहे.

आमच्या इमारतीला एक लिफ्ट आहे, एक जिना आहे आणि तळमजल्यावर एक सभागृह आहे (म्हणजे पूर्वीची सायकली ठेवायची खोली, सायकली आता उघड्यावर असतात). लोक सभ्य होते. लिफ्टमध्ये शिरल्यावर प्रत्येक जण मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभा राही, आणि आपला मजला आला की घरी जाऊन, दार लावून, जे काही करायचे ते करी. कुणी विणत असे. कुणी जुने रेडिओ उघडून परत बंद करत असे. कुणी खिडकीत बसून ढगांचे फोटो काढत असे. कुणाचे कुणाला काही कळत नव्हते. इतकी माणसे कसल्याही देखरेखीशिवाय आपापल्या घरी खुशाल होती, हे आज आठवले तरी अंगावर काटा येतो.

परिस्थिती बदलली ती चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ निवृत्त झाल्यावर. ते विमा कंपनीत दावे तपासत असत. म्हणजे लोक सांगतात ते नुकसान खरोखर झाले आहे का, हे पाहायचे. आणि सहसा ते झालेले नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, मग रंगाप्रमाणे लावले, आणि मग आत काय आहे याच्या चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या, तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, सारखे माझ्या पायात पायात येता. खाली जाऊन काहीतरी स्थापन करा बघू." त्यांनी खाली जाऊन छंद संवर्धन मंडळ स्थापन केले आणि ते त्याचे अध्यक्ष झाले. बऱ्याच संस्थांचा उगम असा एखाद्या स्वयंपाकघरातच झालेला असतो. इतिहास लिहिताना तेवढा भाग गाळतात.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, असे हिणवून म्हणायची पद्धत आहे. मंडळाने या म्हणीकडे पहिल्यांदाच गांभीर्याने पाहिले. न्हाव्याचे तुंबड्या लावणे चूक नव्हते. तो एकटा लावत होता, त्याच्यापुढे ध्येय नव्हते आणि भिंतीची प्रगती कुणी मोजत नव्हते, ही खरी अडचण होती.

मोजण्याचे काम माझ्याकडे आले. मी कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळत असे. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही फक्त मोजा. कशासाठी ते आम्ही बघू." कुठल्याही शास्त्रज्ञाला याहून जास्त मोकळीक सहसा मिळत नाही.

छंदाची व्याख्या करण्यात सुरुवातीच्या बैठका गेल्या. शेवटी ठरले ते असे: जे काम कुणी सांगितलेले नाही, ज्याचा कुणाला उपयोग नाही आणि ज्यात पुढे जाता येते, तो छंद. पहिल्या दोन अटी इमारतीतल्या बहुतेकांच्या सगळ्याच आयुष्याला लागू पडत होत्या. तिसरीने घोळ केला. पाचव्या मजल्यावरच्या विणणाऱ्या बाई कित्येक वर्षे एकच मफलर विणत होत्या. संपत आला की उसवायच्या आणि पुन्हा घालायच्या. का म्हणून विचारल्यावर त्या म्हणाल्या, "हात चालू राहतात हो. आणि डोकं गप्प बसतं." यात ध्येय नव्हते. ते त्यांना देण्यात आले. ढगांचे फोटो काढणाऱ्या बँकेतल्या रोखपालांची अडचण वेगळी होती. ढग सुधारत नाहीत. कितीही वर्षे पाहिले तरी त्यांच्या कामगिरीत फरक पडत नाही. तेव्हा रोखपालांनी ढगांऐवजी ढग टिपणाऱ्या स्वतःचे फोटो काढावेत, म्हणजे वाढ दिसेल, असे सुचवण्यात आले. वाढ दिसली (कमरेत).

दर रविवारी सकाळी बैठक असते. प्रत्येकाने उभे राहून मागच्या ध्येयाचे काय झाले ते सांगायचे, पुढचे ध्येय जाहीर करायचे, इतरांनी टाळ्या वाजवायच्या, मग काही वेळ डोळे मिटून आपण किती बदललो याचा विचार करायचा, मग चहा. सभासदांच्या तीन पातळ्या आहेत: प्रारंभिक, मध्यम आणि उच्च. पातळी हजेरीवरून ठरते. कौशल्यावरून ठरवावी असा एक प्रस्ताव होता. पण कौशल्यावरून माणसे भांडतात, हजेरीवरून कुणी भांडत नाही.

निकाल बोलके आहेत. सुरुवातीला सभासद छंदाच्या वेळातला ऐंशी टक्के वेळ छंद करण्यात आणि वीस टक्के त्याबद्दल बोलण्यात घालवत. वर्षअखेर हे प्रमाण बरोबर उलटे झाले. सध्या छंद करण्याचा वेळ इतका थोडा आहे की तो खरेच आहे की माझ्या मोजण्यातली चूक आहे, हे सांगता येत नाही. समाधानाचा आकडा मात्र चढतच आहे. दोन्ही एका कागदावर काढले तर फार देखणी आकृती तयार होते. विणणाऱ्या बाई आता विणत नाहीत. विणू इच्छिणाऱ्या अकरा जणींना त्या प्रेरणा देतात. त्या अकरांपैकी एकीनेही अजून सुई हातात धरलेली नाही (लोकर कोणती घ्यावी, हा विषय पुढच्या तिमाहीत आहे).

आणि आपुलकीचे काय, असे कुणी विचारील. पूर्वी लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नसे. आता दार लागते न लागते तोच "मग, तुमचं या तिमाहीचं काय?" असा प्रश्न येतो. त्यामुळे निम्मे रहिवासी जिन्याने जाऊ लागले आहेत. त्यांची प्रकृती सुधारली आहे. (वरच्या मजल्यावरच्या दोघांचे गुडघे गेले, पण सरासरी चांगली आहे.)

असे सगळे मार्गी लागल्यावर, छंद नसलेले कुणी राहिले आहे का याची पाहणी झाली. एकच घर निघाले. तिसऱ्या मजल्यावरचे, माझ्या शेजारचे.

तिथे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले काका आणि त्यांच्या पत्नी राहतात. काकूंची नजर हळूहळू करत गेली. उजेड कुठे आहे ते त्यांना कळते, त्यामुळे खिडकी कळते. पण खिडकीपुढे जे काळे दिसते आहे ती खुर्ची आहे की नवरा, हे कळत नाही. आमची भिंत सामाईक असल्याने त्यांच्या घरातला एक आवाज मला रोज ऐकू येई, तो म्हणजे काकांची शीळ. तिला चाल नव्हती. भांडी घासताना ती तुटक असे, गॅलरीत कपडे वाळत घालताना लांब ओढल्यासारखी. चष्मा सापडत नसला की ती चढत चढत जाई आणि सापडला की मध्येच थांबे. कधी कधी ती दातांतून येई. तेव्हा दोघांचे काहीतरी बिनसलेले असे.

पाहणी समितीत तिघे होतो: अध्यक्ष, पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई आणि मी. काकांनी दार उघडले, आम्हाला बसवले आणि शीळ घालत पाणी आणायला गेले.

"काका, तुमचा छंद कुठला?" अध्यक्षांनी विचारले.

"छंद? घर, बाजार, हिची औषधं. त्यातून उरलो तर झोपतो."

"मग आत्ता ती शीळ घालत होतात ती?"

"ती होय!" काका ओशाळले. "ती आपली चालूच असते. लक्ष नाही देत मी."

"मीच सांगितलंय त्यांना," काकू पलंगावरून म्हणाल्या. "मला दिसत नाही ना. हे मांजरासारखे चालतात, पावलाचा आवाज नाही. घरात आहेत की नाहीत तेच कळेना. म्हटलं, बोलत राहा काहीतरी. तर म्हणाले, चाळीस वर्षांत जे बोललो नाही ते आता कुठून आणू? मग म्हटलं, शीळ तरी घाला. तेव्हापासून मला घरभर हे कुठं आहेत ते कळतं. एवढीच माझी नजर आता."

यावर अध्यक्ष गंभीर झाले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे सराव रोजचा आहे."

मी तसे नोंदवले.

दंतवैद्यबाई पुढे सरकल्या. तोंड हे त्यांचे क्षेत्र असल्याने मंडळाचा शीळ विभाग, जो या क्षणी जन्माला येत होता, आपोआप त्यांच्याकडे जात होता. "जीभ कुठे ठेवता शीळ घालताना?" त्यांनी विचारले.

"तोंडातच," काका म्हणाले.

"तंत्र नाहीये," दंतवैद्यबाई हळू आवाजात अध्यक्षांना म्हणाल्या. "पण कच्चा माल उत्तम आहे."

मग अध्यक्षांनी ते वाक्य उच्चारले, ज्याला आजवर एकही सभासद बळी पडल्यावाचून राहिलेला नाही. ते म्हणाले, "काका, तुमच्यात कला आहे."

काकांना खात्यात जन्मभर लोकांनी एकच वाक्य ऐकवले होते, ते म्हणजे पाणी आलेले नाही. ते उठले, पुन्हा बसले, रुमाल काढून ज्या चष्म्यावर काही नव्हते तो पुसू लागले. काकू हसल्या. "जा की मग. जन्मात कुणी हुशार म्हटलं नाही, आता म्हणतायत तर जाऊन या. रविवारी सकाळी मला काय, रेडिओ असतो."

तेव्हा काका मंडळात आले ते काकूंच्या सांगण्यावरून. हे नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढे याबाबत मंडळावर अकारण ठपका ठेवण्यात आला.

पहिल्या रविवारी काकांची चाचणी झाली. सर्वांसमोर खुर्चीवर बसवून त्यांना शीळ घालायला सांगितले. ओठांचा चंबू झाला, हवा आली, आवाज आला नाही. शीळ घालताना ओठ थोडे विसरलेले असावे लागतात, आणि सगळे सभागृह आपल्या ओठांकडे बघत असताना ते विसरणे अवघड असते. (हे निरीक्षण माझे. विषयपत्रिकेत नसल्याने मांडले नाही.) पाणी प्यायला देऊन पुन्हा प्रयत्न झाला. या वेळी आवाज आला. तो मी यंत्राने मोजला. काका कुठल्याही सुरात नव्हते, आणि जवळपासच्या कुठल्या सुरात जाण्याचा त्यांचा विचारही दिसत नव्हता. प्रारंभिक पातळी त्यांना जड जाईल, असे मत पडल्याने त्यांच्यासाठी पूर्व-प्रारंभिक अशी नवी पातळी निर्माण करण्यात आली. शीळ विभागात तोवर आणखी चौघांनी नावे दिली होती. त्यांना शीळ घालता येत नव्हती, पण मंडळात ते जुने असल्याने ते मध्यम पातळीत गेले. दंतवैद्यबाईंनाही घालता येत नव्हती. त्या उच्च पातळीत होत्या.

काकांना ध्येय देण्यात आले: वार्षिक मेळाव्यात एक संपूर्ण चाल, न चुकता, व्यासपीठावरून. त्यासाठी दंतवैद्यबाईंनी पथ्य सांगितले. रोज आरशासमोर ओठांचे व्यायाम, आवाज न करता. रविवारी वर्गात, देखरेखीखाली, प्रत्यक्ष शीळ. "आणि घरी अजिबात घालायची नाही हं. चुकीचा सराव झाला की चूक पक्की होते. दातांचं तसंच असतं."

"घरी अजिबात नाही?" काकांनी विचारले. "हिला जरा..."

"मेळाव्यापर्यंतच हो," अध्यक्ष म्हणाले. "एवढी कळ काकू सोसतील. त्यांनाही अभिमान वाटेल."

काका सरकारी नोकरीत राहिलेले होते. हुकूम आला की पाळायचा आणि पटला नाही तर तब्येत बिघडवून घ्यायची, ही सवय अंगात मुरलेली. त्यांनी पथ्य काटेकोर पाळले. भिंतीपलीकडचा आवाज त्या दिवसापासून बंद झाला. शेजारी म्हणून मला थोडी गैरसोय झाली (त्या शिळेवरून मला त्यांच्या घरी पाणी आले की नाही ते कळत असे), पण एका माणसाच्या प्रगतीपुढे ती क्षुल्लक होती.

भिंतीपलीकडून आता काकूंचा आवाज येऊ लागला. "अहो? ... अहो, आहात का?" मग काका म्हणत, "आहे." थोड्या वेळाने पुन्हा, "अहो?" "आहे ना." तिसऱ्यांदा "आहे" म्हणताना कुणाच्याही आवाजात प्रेम राहत नाही, हे प्रयोगाने सिद्ध झाले. मग काकूंनी विचारणे कमी केले. त्या वाटेत आडव्या आलेल्या काकांना धडकू लागल्या. उघड्या राहिलेल्या कपाटाच्या दाराने त्यांचे कपाळ फुटले. एकदा त्यांनी चहाचा कप काकांच्या हातात म्हणून मोकळ्या हवेत दिला.

याच काळात त्यांचे कपडे धुण्याचे यंत्र बिघडले. दुरुस्तीवाला आला, काकांनी त्याला आत घेतले आणि ते सुटे पैसे आणायला खाली गेले. काकूंना वाटले काकाच आहेत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माणूस जवळ गप्प उभा आहे म्हटल्यावर त्यांचा बांध फुटला. माहेरच्या लग्नात झालेल्या अपमानापासून त्यांनी सुरुवात केली, भावाशी धरलेल्या अबोल्यावर आल्या, आणि "मला दिसेनासं झालं तेव्हा तुम्ही गॅलरीत जाऊन रडलात, ते मला ऐकू आलं होतं, मी कधी बोलले नाही इतकंच," इथपर्यंत पोहोचल्या. सगळे मला भिंतीतून ऐकू आले. मग एक अनोळखी आवाज म्हणाला, "काकू, मी मशीनवाला."

"अरे देवा! मग मध्ये बोलायचं नाही का रे?"

"तुम्ही थांबलाच नाहीत."

"बरं," काकू म्हणाल्या. "पट्टा तुटलाय की मोटार गेलीये?"

पुढच्या रविवारी काकू भिंत चाचपत, जिना उतरून, स्वतः बैठकीला आल्या. असे मंडळाच्या इतिहासात प्रथमच घडत होते. उपस्थितांनी टाळ्या वाजवल्या. काकू टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या.

"मला मोठं काही बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "माझा माणूस मला घरात परत द्या. निदान आवाज तरी द्या."

काका खाली मान घालून बसले होते. काकूंना ते कुठे बसले आहेत ते माहीत नव्हते, त्यामुळे त्या जुने रेडिओ उघडणाऱ्या गृहस्थांकडे बघून बोलत होत्या. त्या गृहस्थांनी दोनदा मान डोलावली.

मंडळाने तक्रार अत्यंत सहानुभूतीने घेतली. प्रथम अध्यक्षांनी काकूंचे, आपली गरज इतक्या नेमक्या शब्दांत मांडल्याबद्दल, अभिनंदन केले. मग उपाय सुचवण्यात आले. एक, काकांनी घरात वावरताना बैठकीचे इतिवृत्त मोठ्याने वाचावे. दोन, काकूंनी मंडळाच्या 'सजग श्रवण' गटात यावे. त्यांचे कान तयार असल्याने त्यांना थेट मध्यम पातळी देता येईल. तीन, काकांच्या कमरेला एक लहानशी घंटा बांधावी.

"घंटा गुरांना बांधतात," काकू म्हणाल्या.

"मांजरांनाही बांधतात," अध्यक्ष म्हणाले. (हे खरे आहे.)

"तुम्ही बांधाल?"

"मला घरात कुणी शोधत नाही हो," अध्यक्ष म्हणाले, आणि सभागृहात मोकळे हसू पसरले. बैठक किती खेळीमेळीची होती, हे यावरून दिसावे.

घंटेचा ठराव एकमताने मंजूर झाला. काकांनीही हात वर केला. काकूंना ते दिसले नाही आणि कुणी सांगितले नाही.

घंटा पितळी होती आणि तिचा आवाज, मी मोजला त्याप्रमाणे, सुरेल होता. तांत्रिकदृष्ट्या ती पूर्ण यशस्वी ठरली. काकूंना काकांचा ठावठिकाणा अचूक कळू लागला. तरी त्या समाधानी नव्हत्या. मी एकदा भाजी द्यायला गेले तेव्हा म्हणाल्या, "कुठं आहेत ते कळतं गं. पण घंटेला राग येत नाही. शिळेत मला कळायचं, चष्मा हरवलाय की माझ्यावर चिडलेत की नुसतेच खूश आहेत. आता कुणीतरी घरातून हिंडतं एवढं कळतं."

मी म्हटले, मेळावा आला आहे जवळ.

मेळावा अपेक्षेपेक्षा भव्य झाला. सभागृहाच्या बाहेर, सायकलींमध्येही माणसे उभी होती. विणणाऱ्या बाईंनी न विणता आलेले आत्मभान सांगितले. रोखपालांच्या वाढीचे फोटो भिंतीवर लावले होते. काकू पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी, इस्त्रीच्या साडीत बसल्या होत्या. काकांनी घंटा सोडून ठेवली आणि ते व्यासपीठावर चढले.

त्यांनी संपूर्ण चाल वाजवली. न चुकता. मी यंत्र लावले होते. कुठेही सूर ढळला नाही, श्वास घेतलेला कळला नाही, सुरुवातीला जसा होता तसाच शेवटी आवाज होता. ज्या माणसाला वर्षापूर्वी पूर्व-प्रारंभिक पातळीही झेपली नसती, त्याने एखाद्या कारखान्यातून आल्यासारखी स्वच्छ शीळ घातली. दंतवैद्यबाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

चाल अर्ध्यावर आली तेव्हा काकू माझ्याकडे झुकल्या आणि त्यांनी, त्यांच्या मते कुजबुजत, विचारले, "छान आहे. हे कोण वाजवतंय?"

मी सांगितले.

त्या पुन्हा सरळ बसल्या. शेवटी सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

ध्येय पूर्ण झाल्याने पथ्य उठले होते. घरी गेल्यावर काकू म्हणाल्या ते मी भिंतीतून ऐकले. "झालं ना सगळं? आता आपलं जुनं वाजवा."

काकांनी प्रयत्न केला. चाल आली. तीच, स्वच्छ, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"हे नको हो. जुनं."

पुन्हा चाल आली. मग ते स्वयंपाकघरात गेले; तिथेही तीच आली. गॅलरीतही तीच, तितकीच लांब. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "अगं, जुनं कसं होतं तेच आठवत नाही." आठवणार कसे? ते काहीच नव्हते. प्रशिक्षणाचा परिणाम इतका टिकाऊ असल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही, आणि वार्षिक अहवालात मी ते पहिल्या पानावर घेतले आहे. काका आता मध्यम पातळीत आहेत. त्यांच्याकडे नवशिक्यांचा वर्ग आहे, त्यामुळे रविवारी ते दिवसभर खालीच असतात. घरी जाताना घंटा बांधतात.

राहिली एक गोष्ट. मेळाव्यात काकूंनी मला जे विचारले ते मागच्या रांगांनाही ऐकू गेले होते, आणि सभागृहातून बाहेर पडताना पुष्कळ लोकांचे चेहरे उतरले होते. अध्यक्षांच्या नजरेतून हे सुटले नाही. इतकी माणसे, आणि प्रत्येक जण आपापला, एकेकटा, कसल्याही मार्गदर्शनाशिवाय हळहळतो आहे! पुढच्याच बैठकीत हळहळ विभाग सुरू झाला. आज तो मंडळातला सर्वांत मोठा विभाग आहे. साहित्य लागत नाही, जागेवरून उठावे लागत नाही, आणि केल्यावर आपण चांगले आहोत असे वाटते, जे विणकामाने होत नसे. सभासद रविवारी दिवसभर खाली बसून काकूंबद्दल हळहळतात. त्या वेळी काकू वर एकट्या असतात. कुणीतरी वर जाऊन त्यांच्याजवळ बसावे, अशी सूचना एकदा आली होती. पण ते समाजसेवेत मोडते, छंदात नाही, म्हणून ती बाजूला ठेवली.

या विभागात बाहेरच्या लोकांनाही प्रवेश आहे. नाव द्यावे लागत नाही, यावेही लागत नाही. पहिल्या रांगेतल्या त्या प्रश्नापाशी तुम्ही घटकाभर थांबला असाल आणि तुम्हाला आत काही हलल्यासारखे झाले असेल, तर तीच तुमची हजेरी आहे. मी ती मांडली आहे. पातळी हजेरीवरूनच ठरते, आणि असे वाचत राहण्याची तुमची सवय पाहता उच्च पातळी तुम्हाला दूर नाही. आता पान उलटा. या विभागात प्रगती म्हणतात ती यालाच.